भिंतीवरचा उलटा रस्ता

कूलरमध्ये पाणी भरणं हे आमच्या जळगावात पुरुषाचं काम समजलं जातं. ज्या कामाला अक्कल लागत नाही ते पुरुषाचं, असं माझ्या बायकोचं मत आहे. गेल्या मे महिन्यात मी ते मत खोटं पाडलं. प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून, एका हातात पाण्याचा पाइप आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून, मी एका साडूच्या वाढदिवसाला केकचं चित्र पाठवत होतो. स्टूल एकीकडे गेलं, मी दुसरीकडे गेलो, आणि केक भलत्याच ग्रुपवर गेला, कुणाच्या तरी दशक्रियेच्या निरोपाखाली. माझा घोटा मोडला. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, "सर, आता महिनाभर पडून राहा." बायको म्हणाली, "ते ह्यांना जमतं."

मे महिन्यात आमच्याकडे घर कसं असतं ते सांगायला हवं. रस्त्याकडच्या खिडकीत कूलर बसवलेला असतो, खिडकीची उरलेली जागा प्लायवुड ठोकून बुजवलेली असते आणि फटींत जुनी फडकी कोंबलेली असतात. दार लावायचं, पडदे ओढायचे, आणि सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत अंधारात बसायचं. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की उजेड हा पाहुणा नसून चोर असतो. अशा अंधाऱ्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या दिवाणावर माझी स्थापना झाली. तोंड समोरच्या भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे.

आता गंमत अशी, की मी हयातभर कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. अभ्यासक्रम संपला की शेवटच्या तासाला मी पोरांना एक जुनी ग्रीक गोष्ट सांगायचो. एका गुहेत काही कैदी जन्मापासून बांधलेले आहेत. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. त्यांच्या मागे आग पेटलेली आहे, आणि आगीपुढून लोक निरनिराळ्या वस्तू घेऊन जातात. कैद्यांना दिसतात त्या भिंतीवरच्या सावल्या फक्त. तेच त्यांचं जग. कोणती सावली कोणाची हे जो पटकन ओळखेल तो त्यांच्यात शहाणा ठरतो. मग एक जण सुटतो, बाहेर जातो, सूर्य पाहतो. आधी त्याचे डोळे दिपतात, मग त्याला खरं दिसायला लागतं. तो परत येऊन बाकीच्यांना सांगतो, तर ते त्यालाच वेडा ठरवतात. हे सांगताना माझा आवाज आपोआप खोल जायचा. सुटलेला कैदी म्हणजे अर्थात मी, आणि बाकावर बसलेले ते कैदी, हे न सांगता पोहोचेल अशी मी व्यवस्था करत असे.

एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं होतं, "सर, गुहा थंड असती ना? मग तो मे महिन्यात बाहेर कशाला गेला?" मी त्याला उभं केलं होतं. दिवाणावर पडल्यापासून मला त्या पोराचं म्हणणं पटू लागलं. ज्या कुणाला सूर्य म्हणजे ज्ञान असं सुचलं, तो दुपारी एक वाजता जळगावच्या रस्त्यावर उभा राहिलेला नव्हता.

तर, त्या प्लायवुडमध्ये एक स्क्रू मी लावायचा विसरलो होतो. त्याचं भोक तसंच राहिलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दुपारी वीज गेली, दिवे, टीव्ही सगळं बंद झालं, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आमची गल्ली उमटली. खरंच सांगतो. फिकट, पाण्यात पाहिल्यासारखी, पण रंगांसकट. फक्त उलटी. खाली आभाळ, वर डांबराचा रस्ता, आणि रस्त्याला लटकून चालणारी माणसं. एक सायकल वटवाघळासारखी लोंबत गेली. मी बायकोला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी आली, बघितलं आणि म्हणाली, "भोक बुजवा ते, ऊन येतंय."

मी बुजवलं नाही. टीव्हीला पैसे पडतात.

ह्या कार्यक्रमाला दुसरा प्रेक्षक मिळाला तो म्हणजे शेजारचे नाना. मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलणं अहिराणी, नोकरीतून निवृत्त, आणि त्यांच्या कूलरचा पंप दर उन्हाळ्यात आमच्या कूलरच्या भरवशावर बंद पडतो. ते जेवण करून आमच्याकडे येत आणि खुर्ची माझ्या उशाशी ओढत. पहिल्या दिवशी भिंतीकडे बघत म्हणाले, "सर, हाई काय शे? बठ्ठा उलटा चाली राहिना." बठ्ठा म्हणजे सगळं. मी त्यांना प्रकाशाचे किरण, छोटं भोक वगैरे समजावलं. नाना म्हणाले, "म्हणजे आपन सरळ आनि दुनिया उल्टी. हाई तं माले पहिलेपासून माहीत व्हतं."

मग आमची स्पर्धा सुरू झाली. भिंतीवर कोण आलं ते आधी कोण ओळखतो. चालीवरून, पिशवीवरून, छत्रीच्या रंगावरून. मी तरबेज झालो. माणूस उलटा दिसतो, त्याला मनात सुलटा करून घ्यायचा, एवढाच हिशेब. भिंतीच्या एका टोकाला देव्हारा, दुसऱ्या टोकाला फ्रीज. देव्हाऱ्याच्या बाजूला गेलं की चौक लागतो, फ्रीजच्या बाजूला रेल्वेफाटक. म्हणजे सावली देव्हाऱ्याकडे सरकली की माणूस चौकाकडे गेला, फ्रीजकडे सरकली की फाटकाकडे. नाना थक्क होत. बायको होत नसे. एकदा मी तिला म्हटलं, "भाजीवाली हल्ली फाटकाकडून यायला लागली वाटतं."

"ती चौकातूनच येते."

"मी रोज बघतो."

"मी रोज भाजी घेते," ती म्हणाली.

मी हसलो. ज्याने सावल्यांचा अभ्यास केला आहे तो मेथीची जुडी घेणाऱ्या माणसाशी वाद घालत नाही.

आणि मग मला भिंतीवर माझा मुलगा दिसला.

मुलगा इंजिनिअर. पुण्यात एका कंपनीत होता. एप्रिलच्या शेवटी घरी आला आणि म्हणाला, काही दिवस घरूनच काम करणार आहे. मला आनंद झाला. पण काम करताना तो दिसेना. सकाळी लॅपटॉप उघडून बसायचा, दुपारी जेवण झालं की निळी बॅग खांद्याला अडकवून म्हणायचा, "पप्पा, जरा जाऊन येतो." कुठे, ते नाही. संध्याकाळी परत यायचा तेव्हा डोळे लाल, अंगाला गोडसर आंबूस वास, आणि तडक न्हाणीघरात. माझ्याशी बोलताना नजर जमिनीवर. पूर्वी हा पोरगा माझ्याशी राजकारणावरून भांडायचा. आता मी मुद्दाम चुकीचं बोललो तरी "हो" म्हणायचा.

त्या दुपारी निळी बॅग भिंतीवर उलटी लटकत आली आणि देव्हाऱ्याच्या बाजूला सरकत गेली. चौकाकडे. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. भर दुपारी आमच्या चौकात एकच ठिकाण उघडं असतं. काळ्या काचांचा बार.

इथे मला माझ्या मोठ्या भावाबद्दल सांगायला पाहिजे. तो धुळ्याला नोकरीला होता. हुशार, देखणा, घरात सगळ्यांचा लाडका. तोही दुपारचं जेवण झालं की म्हणायचा, "जरा चौकात जाऊन येतो." पहिली काही वर्षं आम्हाला वाटलं पान खायला जातो. मग पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. शेवटचे दिवस मी त्याच्या उशाशी होतो. तो मला ओळखत नव्हता, पाणी मागत होता आणि पाणी दिलं की थुंकत होता. गेला तेव्हा माझ्या मुलापेक्षा थोडाच मोठा असेल. ह्या एका गोष्टीवर मी कधी विनोद केलेला नाही, आणि ते पुन्हा एकदा बघायची ताकद माझ्यात नाही.

त्यामुळे मी काय केलं असेल? मुलाला विचारलं असेल, असं कुणालाही वाटेल. मी विचारलं नाही. मी पुरावे गोळा केले. लाल डोळे, वास, नजर चुकवणं, दिशा. चार विधानं, एक निष्कर्ष. वर्गात असं उदाहरण पोरांना दिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. बायकोला सांगावं तर ती खचेल. नानांना सांगावं तर गल्लीला सांगितल्यासारखंच. तेव्हा मी एकटाच भिंतीकडे बघत राहायचो आणि निळी बॅग देव्हाऱ्यामागे नाहीशी झाली की देवाकडे बघायचो. जेवण जाईना. नाना एक दिवस म्हणाले, "सर, तुम्ही हारी राहिनात. परवा तुम्ही पोस्टमनले पोलीस सांगं."

शेवटी एका दुपारी मला ते सहन झालं नाही. बॅग गेली. बायको आत झोपली होती. नाना खुर्चीत घोरत होते. मी वॉकर घेतला, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला, आणि प्लास्टरचा पाय ओढत दाराबाहेर पडलो.

ऊन कसं असतं हे महिनाभर सावलीत राहिलेल्या माणसाला विचारावं. डोळे उघडेनात. डांबर मऊ झालं होतं, वॉकरचे पाय त्यात रुतत होते. कुत्रीसुद्धा गटारात जाऊन बसली होती. चौक एरवी दोन मिनिटांवर. मी कधी पोहोचलो मला सांगता येणार नाही. वाटेत मी मुलाशी काय बोलायचं ते पाठ करत होतो.

काळ्या काचेचं दार ढकललं आणि मला काहीच दिसेना. गोष्टीत असतं ते खरं आहे: उन्हातून अंधारात गेलेला माणूस ठार आंधळा असतो, आणि आत बसलेल्यांना तो स्वच्छ दिसतो. कुठूनतरी आवाज आला, "अरे, सर." दुसरा आवाज, "सरांना जागा द्या." कुणीतरी हसलं. मी हात पुढे करून चाचपडत निघालो, एका टेबलाला वॉकर धडकवला, आणि मला अंधुक दिसलं: तरुण पाठ, आणि खुर्चीला अडकवलेली बॅग.

मी त्या खांद्यावर हात ठेवला आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोललो. "ऊठ. मी रागवत नाही. तुझ्या मोठ्या काकांना मी ह्या हातांनी उचललंय. जरा जाऊन येतो म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत, घरात असून आलेच नाहीत. तुला जे काही दुःख असेल ते मला सांग. मी तुला कधी काही विचारलं नाही ही माझी चूक. पण आत्ता ऊठ आणि घरी चल. तुझ्या आईला काही कळणार नाही."

खांदा हलायला लागला. मला वाटलं पोरगा रडतोय. रडतच होता. मान वळवून भरल्या आवाजात म्हणाला, "सर, माझ्याशी असं आजवर कुणी बोललं नाही."

पोरगा माझा नव्हता. बॅगही काळी होती, औषधं विकणाऱ्यांची असते तशी. डोळे सरावल्यावर मी चेहरा ओळखला. माझाच जुना विद्यार्थी. तर्कशास्त्रात मी त्याला दोनदा नापास केलं होतं. ग्लास बाजूला सारून तो उठला आणि म्हणाला, "सोडतो सर. तुम्ही एवढ्या उन्हात, मोडक्या पायानं माझ्यासाठी आलात." आता त्याला काय सांगणार? चुकीच्या माणसाला बरोबर सल्ला मिळाला होता. मी म्हटलं, "शाब्बास. मला घरी सोड."

त्याने मला मोटरसायकलवर मागे बसवलं, वॉकर माझ्या मांडीवर. घरासमोर गाडी थांबली तेव्हा दारात नाना उभे, बायको उभी, आणि चार खिडक्यांचे पडदे सरकलेले. आणि मी पाहिलं, फाटकाच्या बाजूने माझा मुलगा पळत येत होता. चौकाच्या नव्हे, फाटकाच्या. खांद्यावर निळी बॅग, हातात पिवळ्याधमक केळ्यांची फणी, अंगावर उन्हात सुद्धा स्वेटर. नानांनी त्याला फोन केला होता, "पोऱ्या, पळ, तुना बाप बारमा गया."

माझा टॉवेल डोळ्यांवर आलेला, डोळे लाल, एक जण मला दंडाला धरून उतरवतोय आणि त्याच्या तोंडाला वास. मुलाने माझ्याकडे पाहिलं. ज्या भीतीने मी इतके दिवस भिंतीकडे पाहिलं होतं तीच त्याच्या चेहऱ्यावर होती.

"पप्पा," तो म्हणाला, "कधीपासून?"

आत गेल्यावर आधी बायकोने मला माठातलं पाणी पाजलं आणि मग विचारलं, "हं. बोला आता." मी सगळं सांगितलं. भोक, सावली, देव्हारा, चौक. मुलगा ऐकत राहिला. मध्येच नाना म्हणाले, "पन सर, माले जाग उनी तव्हय तुम्ही भिंतवर फाटककडे जाई राहिंतात. वॉकरसंगे. आनि मी बाहेर ईसन देखं तं तुम्ही चौकमा."

मुलगा उठून बाहेर गेला. भिंतीवर तो उलटा लटकताना दिसला. फ्रीजच्या बाजूला सरकला. बाहेरून त्याचा आवाज आला, तो मात्र चौकाच्या बाजूने: "आता मी कुठे चाललोय सांगा."

आत येऊन म्हणाला, "पप्पा, नुसतं वरचं खाली होत नाही. इकडचं तिकडेही होतं. भोकातून किरण तिरके जातात ना." मग त्याला हसू फुटलं. "तुम्ही मला सुलटा केलात, पण अर्धाच."

बायको म्हणाली, "भाजीवाली."

मी म्हटलं, "हो, चौकातून येते. मान्य आहे."

पण माझा प्रश्न उरला होताच. फाटकाकडे काय आहे? फाटकाजवळ एका शेठजींची केळीची वखार आहे. आता तिला रायपनिंग चेंबर म्हणतात. बंद गार खोल्या, त्यात कच्ची केळी ठेवून हळूहळू पिकवतात. मुलाने खुर्ची ओढली आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पप्पा, घरून काम वगैरे काही नाही. कंपनीने काढून टाकलं. आमची अख्खी टीम. मी शेठजींकडे जातो. खोल्यांचं तापमान, हवा, गॅस, ते सगळं मी बसवून देतोय. बिघडलं तर अख्खी गाडी काळी पडते. बरं चाललंय. पण तुम्ही सगळ्यांना सांगता, मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत. म्हणून मला सांगता येईना."

म्हणजे वास पिकल्या केळ्यांचा होता. डोळे गारठ्यातून उन्हात आल्याने लाल होत होते. माझी चारपैकी तीन विधानं खरी होती.

"म्हणजे तू पीत नाहीस," मी म्हटलं.

"नाही."

"कधीच?"

"पुण्यात एकदा बिअर घेतली होती. कडू लागली."

"आणि नोकरी गेली. एवढंच?"

"एवढंच म्हणजे काय पप्पा? नोकरी गेली."

मला हसू यायला लागलं. ते थांबेना. प्लास्टरच्या आत पाय खाजत होता, पोराची नोकरी गेली होती, आणि छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं मला गार वाटत होतं. बायको म्हणाली, "ह्यांना ऊन लागलं." तिला नोकरीचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिला जपत होतो आणि ती मला जपत होती. मध्ये पोरगा दोघांना जपत होता. मी हसता हसता रडायला लागलो तेव्हा मुलाने फणीतलं एक केळं तोडून माझ्या हातात दिलं. मी ते खाल्लं. इतकं गोड केळं मी जळगावात जन्म काढून खाल्लेलं नाही.

"तुम्ही मला विचारलं का नाही?" मुलगा म्हणाला.

"तर्काने काढत होतो," मी म्हटलं. बायकोने केळ्याची साल माझ्या हातातून काढून घेतली.

गल्लीचं मात्र अजून मिटलेलं नाही. मी बारमध्ये गेलो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी त्यांना स्क्रूचं भोक समजावून सांगतो, किरण तिरके कसे जातात ते हातवारे करून दाखवतो, आणि ते ज्या मायेने मान हलवतात त्यावरून मला कळतं की हातवाऱ्यांमुळे संशय वाढतोय. दूधवाला सांगतो, "सर, रिकाम्या पोटी नका घेत जाऊ." नाना माझे एकमेव साक्षीदार, पण ते म्हणतात, "मी तं झोपेल व्हतो, माले काय माहीत?" तो औषधवाला विद्यार्थी अधूनमधून भेटायला येतो, अजून एक थेंब घेतला नाही म्हणून सांगतो, माझ्या पाया पडतो आणि गल्लीच्या डोक्यात आणखी गोंधळ घालून जातो.

त्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दारं उघडली. बायकोने शेवभाजी केली. मुलगा चार भाकरी जेवला आणि जेवताना मला म्हणाला की मला राजकारणातलं काहीही कळत नाही. आम्ही तासभर भांडलो. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "उद्या पहाटे मालाची गाडी येणार आहे, लवकर जायचंय."

"किती वाजता उठवू?"

"गजर लावलाय पप्पा. तुम्ही कशाला?"

"लाव गजर," मी म्हटलं. "मी पण उठवतो."